तेलही गेलं, तूपही गेलं

मंडळी, या वेळचा लेख जरा वेगळ्या वाटेवरचा आहे. आणि थोडा लांबलाही आहे. तेव्हा चहा घेऊन बसा.

इतिहासाच्या पुस्तकात लढाया असतात, तह असतात, सनावळ्या असतात. दफ्तर मात्र नसतं. कोणत्या लढाईत किती माणसं पडली हे मुलं पाठ करतात. पण जो शिपाई जखमी होऊन परत आला त्याच्या जखमेची नोंद कुणी केली, ती कुठे ठेवली, वीस-तीस वर्षांनी त्याला ती सापडली का, हे परीक्षेत कुणी विचारत नाही. खरं तर त्या शिपायाचं उरलेलं आयुष्य त्या कागदावर अवलंबून असतं!

माझा एक भाचा अमेरिकेत रुग्णालयांच्या संगणक विभागात काम करतो. गेल्या दिवाळीत फोनवर बोलताना म्हणाला, "मावशी, तुला जुन्या दफ्तरांचं वेड आहे ना, मग इथल्या तटरक्षक दलाची गोष्ट वाच. कागदावरून संगणकावर जायला निघाले आणि पुन्हा कागदावर येऊन बसले." मला आधी वाटलं, गंमत करतोय. मग वाचत गेले तसतशी ही गोष्ट गमतीची नाही हे लक्षात आलं. त्यातलं जे मला समजलं ते इथे सांगते आहे. संगणकातलं मला फार कळत नाही, पण हजेरीपट आणि रजिस्टरं यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे नोंद म्हणजे काय ते थोडंफार कळतं.

आधी सैनिकाच्या आरोग्याची फाईल म्हणजे काय ते पाहू. भरती होताना वैद्यकीय तपासणी होते तिथून ती सुरू होते. उंची, वजन, दात, डोळे, लसी. पुढे बदली होईल तिथे फाईल माणसामागून जाते. तापाची नोंद, मोडलेल्या हाताची नोंद, तोफेच्या आवाजाने कान गेला त्याची नोंद. माणूस निवृत्त होतो आणि फाईल दफ्तरखान्यात जाते. मग कधीतरी साठीला आल्यावर त्या माणसाला ऐकू येईनासं होतं. तो सरकारकडे अर्ज करतो की हे नोकरीत असताना झालं, मला भरपाई द्या. सरकार विचारतं, पुरावा? पुरावा म्हणजे तीस-चाळीस वर्षांपूर्वी कुठल्याशा तळावर एका आरोग्य-सहायकाने घाईघाईत लिहिलेली एक ओळ. ती असली तर बरं. नाही तर माणूस आपल्या बहिऱ्या कानाची शपथ घेत कचेऱ्यांचे उंबरे झिजवतो.

आपल्याकडे शाळेचं जनरल रजिस्टर असतं ना, तसंच आहे हे. पन्नाशी उलटलेली माणसं दाखल्याची नक्कल मागायला शाळेत यायची, आणि जन्मतारखेच्या रकान्यावर बोट ठेवून, श्वास रोखून उभी राहायची. पेन्शन, पासपोर्ट, जातीचा दाखला, सगळं त्या एका रकान्यावर. ज्या गुरुजींनी तो भरला ते केव्हाच वारलेले असायचे. नोंद लिहिणारा एक, वापरणारा दुसरा, आणि मधे आयुष्य गेलेलं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

कागदाचा शत्रू कोण, असं विचारलं तर आपण वाळवी म्हणू. अमेरिकेत त्याचं उत्तर १२ जुलै १९७३ या तारखेने दिलं. सेंट लुईस शहराजवळ ओव्हरलँड इथे सैनिकांच्या नोंदींचं राष्ट्रीय केंद्र होतं. मध्यरात्र उलटल्यावर सहाव्या मजल्यावर आग लागली. त्या प्रचंड गोदामात आग लागताच पाणी उडवणाऱ्या तोट्या नव्हत्या. आग पूर्ण विझायला चार दिवस गेले. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून मुक्त झालेल्यांच्या फायलींपैकी सुमारे ८० टक्के, आणि १९४७ ते १९६४ मधल्या वायुदलाच्या फायलींपैकी, आडनावाच्या वर्णक्रमात 'हबर्ड'च्या पुढे येणाऱ्या, सुमारे ७५ टक्के. म्हणजे दोन महायुद्धं आणि कोरियाचं युद्ध लढलेली माणसं! नक्कल नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती. काय काय गेलं याची संपूर्ण यादीसुद्धा नव्हती.

जे जळलं नाही ते भिजलं. भिजलेल्या कागदाला बुरशी लागते. मग तिथल्या लोकांनी ओल्या फायली क्रेटमध्ये भरून विमान बनवणाऱ्या कंपनीच्या निर्वात कोठीत वाळवल्या. सुमारे ६५ लाख फायली अशा वाचवल्या. कडा जळलेली ती पानं आजही हातमोजे घालून उलगडली जातात. ज्यांचं काहीच उरलं नाही त्यांच्यासाठी पगाराची बिलं, इस्पितळात दाखल केल्याची कार्डं असं इकडून तिकडून गोळा करून फाईल पुन्हा उभी करावी लागते. पगारबिलावरून माणसाची जखम शोधायची, काय वेळ आली पाहा.

तर संगणक हवा, हे काही कुणा हौशी माणसाच्या डोक्यातून निघालेलं खूळ नव्हतं.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी वेगळं खातं आहे, त्याची स्वतःची इस्पितळं आहेत. १९७० च्या दशकाच्या शेवटी या इस्पितळांतल्या काही डॉक्टरांनी आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आपापल्या जागी छोटे संगणक लावून, 'मम्प्स' नावाच्या भाषेत, आपल्याला लागतील तसे प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. 'मम्प्स' म्हणजे गालगुंड, पण हे नाव बॉस्टनच्या एका इस्पितळात १९६० च्या दशकात जन्मलेल्या भाषेचं आहे! वरिष्ठ कचेरीला हे उद्योग मान्य नव्हते. तिला सगळं एका जागी, एका छापाचं हवं होतं. त्यामुळे ही मंडळी जवळजवळ भूमिगत राहून काम करत होती. स्वतःला ती 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हणवायची. गुलामीतून पळणाऱ्यांना लपवून उत्तरेला नेणाऱ्या जुन्या गुप्त वाटेचं ते नाव. १९८२ मध्ये अखेर सरकारने या कामाला मान्यता दिली. पुढे त्याचीच 'व्हिस्टा' नावाची प्रणाली झाली, आणि डॉक्टरांनी स्वतः घडवल्यामुळे डॉक्टरांना ती आवडली.

तिचाच पाया घेऊन लष्करासाठी वेगळी प्रणाली बांधायचं कंत्राट १९८८ मध्ये दिलं गेलं, शंभर कोटी डॉलरांच्या वर. म्हणजे मूळ एक, पण घरं दोन झाली. सैनिक नोकरीत असेपर्यंत एका घरात, निवृत्त झाला की दुसऱ्या घरात. आणि दोन्ही घरांत बोलणं जवळजवळ बंद! आपल्याकडे भाऊबंदकीत विहीर एकच असते आणि रहाट दोन, तसलाच प्रकार.

त्याची किंमत १९९१ च्या आखाती युद्धानंतर कळली. सुमारे सात लाख अमेरिकी सैनिक तिकडे गेले होते. परत आल्यावर हजारोंना थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा असे विकार जडले. कुणाला कोणती लस दिली, कोण कुठल्या धुरात होतं, हे शोधायला गेले तर नोंदी अपुऱ्या. काहींच्या नाहीतच. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी जाहीर केलं की यापुढे प्रत्येक सैनिकाची आयुष्यभराची एक संपूर्ण आरोग्य-नोंद असेल. एक माणूस, एक नोंद. बोलायला किती सोपं!

हे सगळं लष्कराचं झालं. आता तटरक्षक दलाकडे येऊ.

हे अमेरिकेतलं एक जुनं दल. १७९० मध्ये जकात चुकवणाऱ्या जहाजांना पकडण्यासाठी अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने सुरू झालं. १९१५ मध्ये त्यात बुडत्यांना वाचवणारी जीवरक्षक सेवा मिसळली आणि आजचं नाव मिळालं. कायद्याने हे सशस्त्र दलच, पण ते संरक्षण खात्याखाली येत नाही. आधी अर्थखात्यात होतं, १९६७ पासून वाहतूक खात्यात, २००३ पासून अंतर्गत सुरक्षा खात्यात. नोकरीत असलेली माणसं साधारण चाळीस हजार. भूदल-नौदलापुढे अगदी धाकटं भावंडं. त्यांचे डॉक्टरही पुष्कळसे सार्वजनिक आरोग्य सेवेतून येतात. त्या सेवेचं मूळ १७९८ च्या एका कायद्यात आहे. व्यापारी जहाजांवरच्या खलाशांच्या पगारातून महिना २० सेंट कापून त्यांच्यासाठी इस्पितळं चालवायची, असा तो कायदा होता. म्हणजे दर्यावर्दी माणसाच्या औषधपाण्याचा विचार या देशात सव्वादोनशे वर्षांपूर्वी झालेला आहे.

२००५ साली कटरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं तेव्हा याच दलाच्या माणसांनी घरांच्या छपरांवरून, पुरातून ३३ हजारांहून जास्त माणसं बाहेर काढली. त्याच वादळात आणखी एक गोष्ट घडली. शहरातल्या कित्येक दवाखान्यांच्या कागदी फायली पाण्यात गेल्या. मात्र माजी सैनिकांच्या इस्पितळाच्या नोंदी संगणकावर होत्या आणि त्यांच्या प्रती बाहेर नेता आल्या. निर्वासित होऊन दुसऱ्या गावी पोहोचलेल्या माजी सैनिकाला तिथला डॉक्टर थोड्याच दिवसांत त्याची औषधं पाहून देऊ शकला. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याला आपण कोणती गोळी घेतो हे आठवत नव्हतं, आणि याची यादी पडद्यावर हजर होती. नोंद नीट असेल तर काय होऊ शकतं, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

तटरक्षक दलाकडे तोवर लष्कराचीच जुनी प्रणाली होती. ती म्हातारी झाली होती. २०१० च्या सप्टेंबरमध्ये दलाने ठरवलं की आपण आपली नवी प्रणाली घ्यायची. विस्कॉन्सिनमधल्या 'एपिक' या कंपनीची प्रणाली अमेरिकेतली मोठमोठी इस्पितळं वापरत होती, तीच घ्यायची. पाच वर्षांचं कंत्राट, १ कोटी ४० लाख डॉलर. आकडा वाजवी वाटतो, दल लहान, चाळीसेक दवाखाने आणि शंभरावर सिक-बे, म्हणजे जहाजांवरच्या आणि छोट्या ठाण्यांवरच्या औषधोपचाराच्या खोल्या. लहान घर, लवकर आवरून होईल असं कुणालाही वाटावं.

पण घर बांधायला काढलं की काय होतं हे आपल्याला माहीत आहे. आधी दोन खोल्या, मग वाटतं जिनाही घ्यावा, मग गच्ची. कामाची व्याप्ती वाढत गेली, कंत्राटदारांची संख्या वाढली, खर्चाचा आकडा फुगत गेला. २०१३ मध्ये तर दलाच्या आतच चौकशी बसली, की या कामाला जो पैसा वापरला तो योग्य खात्यातून आला आहे का. चौकशी म्हटली की सह्या करणारे हात आखडतात. ज्यांनी काम पाहायचं त्या माणसांचा तुटवडा. सुरक्षिततेच्या चाचण्या अपुऱ्या, बाकीच्या प्रणालींशी जोडणी अपुरी. शेवटी २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये दलाने प्रकल्प बंद केला. २०१७ पर्यंत हिशेब केला तेव्हा सुमारे सहा कोटी डॉलर गेले होते. त्यातलं यंत्र किंवा प्रोग्रॅम, पुढच्या कामाला वापरता येईल असं काहीही हाती उरलं नाही.

खरी गोष्ट तर पुढेच आहे. तोवर जुनी प्रणालीही मोडीत निघाली होती. मग दवाखान्यांना हुकूम गेला की आता कागदावर लिहा.

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. ही म्हण आपल्याकडे कुणी कुणासाठी रचली कोण जाणे, पण एकविसाव्या शतकातल्या या दलाला ती अंगच्या कपड्यासारखी बसते.

कागदावर परत जाणं म्हणजे काय याची कल्पना करून पाहा. तुम्ही म्हणाल, आधी शंभर वर्षं कागदावरच चालत होतं की! पण शंभर वर्षं चालणाऱ्या कागदाच्या मागे एक व्यवस्था असते. कारकून असतात, कपाटं असतात, कोणता फॉर्म कुठे लावायचा याची सवय असते. ती व्यवस्था मोडून बरीच वर्षं झाली होती. नव्या पोरांना कागदाची सवय नव्हती. बदली झालेल्या माणसाची फाईल टपालाने पाठवायची, ती उशिरा पोहोचायची किंवा वाटेत हरवायची. बाहेरच्या तज्ज्ञाने काय लिहून दिलं ते फाईलला लागायचं राहून जायचं. कुणाला कोणतं औषध चालू आहे, कुणाची लस राहिली आहे, याचा मेळ लागेना. काही दवाखान्यांनी आपापले तक्ते बनवून वेळ मारून नेली. ज्या माणसाला उद्या वादळात हेलिकॉप्टरमधून दोरीने खाली सोडायचं, तो त्या कामाला तंदुरुस्त आहे की नाही हे एका पुठ्ठ्याच्या फाईलवरून ठरवायचं, आणि ती फाईल कदाचित टपालात!

२०१८ च्या जानेवारीत जीएओचा, म्हणजे अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासनीस कार्यालयाचा (आपल्या 'कॅग'सारखं) अहवाल आला. अशा अहवालांची भाषा कोरडी असते, पण हा मी शब्द लावून लावून वाचला. देखरेखीसाठी समित्या नेमल्या होत्या, त्यांची नियमावलीही लिहिली होती. मात्र त्या समित्यांनी प्रत्यक्ष देखरेख केल्याचा पुरावा कागदोपत्री सापडत नाही, असं त्यात आहे. आणि त्याहून मला टोचलेलं एक वाक्य आहे. या कामातून जे धडे मिळाले ते आम्हाला ठाऊक आहेत, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. पण त्यातले बहुतेक कुणी लिहून ठेवले नव्हते आणि पुढच्या कामासाठी कुणाला दिलेही नव्हते.

वाचून मी चष्मा काढून ठेवला.

नोंदींची व्यवस्था उभारायला निघालेल्या लोकांनी स्वतःच्याच कामाची नोंद ठेवली नाही! सहा कोटी डॉलर गेल्याचं मला इतकं वाटलं नाही, सरकारांचे पैसे जातच असतात. पण आपण कुठे चुकलो हे कुणी लिहून ठेवलं असतं तर निदान ती शिकवणीची फी म्हणता आली असती. न लिहिलेला धडा तो अधिकारी बदलून गेला की त्याच्याबरोबर जातो. शाळेत मुलाचं गणित चुकलं की आम्ही म्हणायचो, खोडरबर लावू नकोस, खाली पुन्हा सोडव. चूक दिसत राहिली पाहिजे. तिच्याकडे बघूनच पुढचं गणित सुटतं.

असो. पुढे काय झालं ते सांगते.

लष्करानेही तोवर बरेच टक्केटोणपे खाल्ले होते. जुन्या प्रणालीवर २००० च्या दशकात आणखी एक प्रणाली चढवली, ती इतकी संथ की डॉक्टर वैतागले. माजी सैनिकांचं खातं आणि संरक्षण खातं मिळून एकच प्रणाली बांधू असं ठरलं, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत तेही सोडून दिलं. मग २०१५ च्या जुलैमध्ये संरक्षण खात्याने बाजारातली तयार प्रणाली घेण्याचं कंत्राट दिलं, सुमारे ४३० कोटी डॉलरांचं. तिचं नाव 'एमएचएस जेनेसिस'. २०१७ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टन राज्यातल्या फेअरचाइल्ड हवाई तळावर ती प्रथम सुरू झाली, मग त्याच राज्यात आणखी तीन ठिकाणी. २०१८ च्या एप्रिलमध्ये लष्कराच्या स्वतःच्याच परीक्षकांनी शेरा मारला की ही प्रणाली परिणामकारकही नाही आणि वापरायला योग्यही नाही. नापास!

पण इथे एक फरक पडला. त्यांनी चार ठिकाणी थांबून तक्रारी ऐकल्या, शिकवण्या पुन्हा घेतल्या, जोडण्या बदलल्या, आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पुढची ठिकाणं घेतली. नापास झाल्याचा शेरा लेखी होता, सगळ्यांनी वाचला होता, म्हणून तर थांबता आलं. असं करत करत २०२४ च्या मार्चमध्ये शिकागोजवळच्या एका संयुक्त इस्पितळात शेवटचा टप्पा पूर्ण झाला.

तटरक्षक दलाने २०१८ मध्ये शहाणपणाचा निर्णय घेतला. वेगळी चूल मांडायची नाही, थोरल्या भावाच्या पंगतीला बसायचं. २०२० च्या ऑगस्टमध्ये, ऐन करोनाच्या दिवसांत, कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या काही दवाखान्यांत 'जेनेसिस' सुरू झालं. कागदावर परत आल्याला जवळजवळ पाच वर्षं होत आली होती. त्या पाच वर्षांत जे भरती झाले, जखमी झाले, निवृत्त झाले, त्यांच्या आयुष्यातली ती पानं कागदावरची. उद्या त्यातला कुणी साठीला आला आणि म्हणाला की माझा गुडघा बोटीवर गेला, तर त्याची ओळ त्या पुठ्ठ्याच्या फाईलमध्ये शोधावी लागेल. फाईल सापडली तर.

इथे गोष्ट संपवली तर 'कागद वाईट, संगणक चांगला' असा धडा निघेल. तेवढं सोपं ते नाही.

माजी सैनिकांच्या खात्यानेही आपली लाडकी 'व्हिस्टा' सोडून हीच नवी प्रणाली घ्यायचं ठरवलं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये स्पोकेन शहरातल्या इस्पितळात ती सुरू झाली. डॉक्टर पडद्यावर लिहायचे, या रुग्णाला अमुक तज्ज्ञाकडे पाठवा, तमुक तपासणी करा. कळ दाबली की झालं. पण ती चिठ्ठी जिथे जायला हवी तिथला पत्ता प्रणालीला जुळला नाही तर ती एका अज्ञात रांगेत जाऊन पडायची. डॉक्टरला कळायचं नाही, रुग्णाला कळायचं नाही. ती रांग बघायचं काम कुणाचं, हेच इस्पितळात कुणाला माहीत नव्हतं. त्या खात्याच्या महानिरीक्षकांनी २०२२ मध्ये सांगितलं की जून २०२१ पर्यंत अशा ११ हजारांहून जास्त चिठ्ठ्या तिथे पडल्या, आणि त्यातून १४९ रुग्णांना इजा पोहोचली. त्यातला एक बेघर माजी सैनिक होता. त्याच्या मनाची अवस्था नाजूक होती. डॉक्टरांनी त्याला पुन्हा बोलावण्याची नोंद केली होती, ती त्या रांगेत गेली. बोलावणं गेलंच नाही. काही आठवड्यांनी त्याने जीव द्यायच्या विचाराने मदतवाहिनीला फोन केला, तेव्हा त्याला दाखल करून घेतलं. फोन केला म्हणून तो वाचला. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्या खात्याने पुढची शहरं थांबवली.

सेंट लुईसची आग आणि स्पोकेनची ही रांग, मी मनात दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. आग लागली की धूर दिसतो, बंब येतात, गाव जागं होतं. हरवल्याचं सगळ्यांना कळतं. ती रांग मात्र आठ-नऊ महिने शांतपणे भरत होती. टपालपेटी लावली, रंग दिला, पण किल्ली कुणाकडे ते ठरवलं नाही, असा तो प्रकार. कागदाची फाईल हरवली तर कपाटात रिकामी जागा तरी दिसते. पडद्यावर रिकामी जागा दिसत नाही.

मग मला एवढंच वाटतं की कागद की संगणक हा प्रश्न दुय्यम आहे. नोंद म्हणजे एका माणसाने, त्याला कधीही न भेटणाऱ्या पुढच्या माणसाला दिलेला शब्द असतो. तो शब्द कशावर लिहिला याला महत्त्व आहेच, कटरिनाने ते दाखवलं. पण तो पाळायची जबाबदारी कुणाची, हे नाव-गावासह ठरलेलं नसेल तर पितळेच्या पत्र्यावर कोरला तरी तो वाया जातो. न्यू ऑर्लिन्समध्ये त्या नोंदी वाचल्या, कारण वादळ येतंय म्हटल्यावर त्यांच्या प्रती बाहेर नेणं हे कुणाचं तरी ठरलेलं काम होतं. 'व्हिस्टा' चांगली निघाली, कारण ज्यांना ती वापरायची त्यांनीच ती घडवली होती. आणि तटरक्षक दल अडकलं ते नवी वही सुरू होण्याआधी जुनी वही मिटल्यामुळे, आणि या घोळाची नोंद करणं हे कुणाचंच काम नसल्यामुळे.

आपल्याकडेही आता सगळं संगणकावर जातं आहे. दाखले गेले, सातबारा गेला, आरोग्याची नोंदही चालली आहे. जावी. मी काही जुन्याला कवटाळून बसणारी नाही, नाही तर हा लेख तुम्ही वाचलाच नसतात! फक्त नवी वही घातली की पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहाव्यात. ही वही कोण सांभाळणार त्याचं नाव, आणि मागची वही का बंद केली त्याचं खरं कारण. दुसरी गोष्ट लिहायला जास्त धैर्य लागतं.

नातेवाईक मंडळींना एक घरगुती सूचना. तुमचे रक्ताचे रिपोर्ट, ऑपरेशनचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवता ते ठेवाच. पण एक साधी फाईलही ठेवा, आणि ती कुठल्या कपाटात, कुठल्या खणात आहे ते घरातल्या निदान दोघांना सांगून ठेवा. एकट्या तुम्हाला माहीत असून उपयोग नाही. जेव्हा ती लागेल तेव्हा बहुधा तुम्ही सांगायच्या अवस्थेत नसाल.

ज्यांचं अशा बदलांत काम झालं आहे, बँकेत, पोस्टात, इस्पितळात, त्यांनी आपले अनुभव जरूर लिहावेत. आणि लिहूनच ठेवावेत हं, नुसते आठवणीत नकोत.